ट्रॅक्टरची शेतावरील देखभाल व दुरुस्ती : जिवाला धोका न होता कशी करावी?

ट्रॅक्टरचा अपघात म्हटला की उलटलेली ट्रॉली किंवा विहिरीत गेलेला ट्रॅक्टर डोळ्यांसमोर येतो. परंतु ट्रॅक्टर जागेवर उभा असताना, त्याची दुरुस्ती करताना किंवा त्याला औजार जोडताना होणारे अपघातही तितकेच गंभीर असतात. त्यांची चर्चा मात्र फारशी होत नाही. वाफसा निघून चाललेला असतो, मेकॅनिक तालुक्याच्या गावाहून उद्या येतो म्हणतो, ऊसतोडीची टोळी फडात थांबलेली असते. अशा वेळी शेतकरी स्वतःच पाना हातात घेतो. यात गैर काही नाही. रोजची देखभाल आणि लहानसहान दुरुस्ती मालकाने किंवा त्याच्या चालकानेच करावी, असेच आमचे मत आहे. त्यामुळे यंत्राची ओळख होते आणि बिघाड वेळीच लक्षात येतो. मात्र इंजिन बंद केले म्हणजे यंत्र निर्धोक झाले, ही समजूत चुकीची आहे. बंद ट्रॅक्टरमध्येही उचललेल्या औजाराचे वजन, रेडिएटरमधील कोंडलेली वाफ, टायरमधील हवा, डिझेलच्या नळ्यांतील दाब आणि बॅटरीतील वीज कायम असते. यांपैकी प्रत्येकाने माणूस जखमी होऊ शकतो, आणि काहींनी दगावतोही.

काम सुरू करण्यापूर्वी

दुरुस्तीसाठी ट्रॅक्टर सपाट व टणक जागेवर उभा करावा. काळ्या जमिनीत, विशेषतः पावसाळ्यात, जॅकचा तळ रुततो व एका बाजूला कलतो. शेतातच काम करण्याची वेळ आली तर जॅकखाली दीड-दोन फूट लांब-रुंद आणि किमान दोन इंच जाडीची फळी घालावी. औजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे, ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकावा, हँड ब्रेक लावावा आणि चाकांच्या पुढे व मागे लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावावेत. त्यानंतर किल्ली काढून ती खिशात ठेवावी. किल्ली ट्रॅक्टरलाच राहिली तर कोणीतरी मदतीच्या हेतूने "जरा मारून बघतो" म्हणून सीटवर चढतो, आणि खाली काम करणाऱ्याचा हात पंख्यात किंवा पट्ट्यात असतो. घरातील मुलांना तर ट्रॅक्टरच्या सीटचे आकर्षण असतेच.

अंगावर सैल कपडे नसावेत. धोतराचा सोगा, लुंगी, उपरणे, गळ्यातील मफलर, साडीचा पदर व ओढणी यांपैकी काहीही फिरत्या भागाजवळ नसावे. हातातील कडे व अंगठी बॅटरीचे काम करताना काढून ठेवावी. पायात चप्पल नको, बूट असावेत.

उचललेल्या औजाराखाली जाऊ नये

रोटाव्हेटरची पाती झिजली की ती बदलण्याची सर्वसाधारण पद्धत आपण सर्वांनी पाहिलेली आहे. हायड्रोलिकने रोटाव्हेटर वर उचलायचा, इंजिन बंद करायचे आणि खाली बसून किंवा आडवे पडून नट सोडायचे. पाच-सहा फुटी रोटाव्हेटरचे वजन साडेतीनशे ते साडेचारशे किलो असते. हे सर्व वजन त्या वेळी केवळ सिलिंडरमध्ये कोंडलेल्या तेलावर तोललेले असते.

प्रात्यक्षिकांच्या वेळी आम्ही शेतकऱ्यांना एक साधा प्रयोग करून दाखवितो. रोटाव्हेटर पूर्ण वर उचलून इंजिन बंद करावयाचे आणि जमिनीपासूनची उंची एका काठीवर खडूने नोंदवून ठेवावयाची. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा मोजले असता, जुन्या ट्रॅक्टरवर औजार बहुधा दोन-चार बोटे खाली आलेले असते. पिस्टनच्या झिजलेल्या सीलमधून आणि व्हॉल्व्हमधून तेल हळूहळू झिरपते, त्याचा हा परिणाम. ही झाली संथ उतरण. परंतु इंजिन बंद असतानाही कोणाचा हात किंवा गुडघा लिफ्टच्या दांडीला लागून ती खाली झाली, तर औजार क्षणात जमिनीवर येते. त्यासाठी इंजिन चालू असण्याची गरज नसते, कारण खाली येण्याचे काम वजनच करते. हायड्रोलिकची नळी फुटली तरी तेच घडते.

म्हणून पाती बदलावयाची असतील तर रोटाव्हेटर उचलून त्याच्या चौकटीच्या दोन्ही टोकांखाली लोखंडी घोडे किंवा चौरस कापलेले जाड लाकडी ओंडके ठेवावेत आणि नंतर लिफ्टची दांडी खाली करून औजाराचे वजन त्या आधारांवर सोडावे. आधार नुसते जवळ ठेवून उपयोग नाही. वजन प्रत्यक्ष त्यांच्यावर आले पाहिजे. विटा, सिमेंटचे पोकळ ठोकळे आणि गोल ओंडके आधारासाठी वापरू नयेत. वीट भाराखाली एकदम फुटते, आणि गोल ओंडका घरंगळतो. पी.टी.ओ.चा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवला तर उत्तमच. पाते पकडताना जाड हातमोजे वापरावेत, कारण झिजलेल्या पात्याची धार कोयत्यासारखी असते. एका वेळी एकच पाते सोडून त्या जागी नवे बसवावे. सगळी पाती एकदम काढली तर डावी-उजवी यांची मांडणी चुकते आणि मग रोटाव्हेटर हादरे देतो. नवी पाती बसविल्यानंतर तासाभराच्या कामाने नट पुन्हा घट्ट करावेत. मात्र त्या वेळीही आधार द्यावाच. "आता फक्त दोनच नट आवळायचे आहेत" या वाक्याने पुष्कळ घात झालेला आहे.

हाच नियम हायड्रोलिक टिपिंग ट्रॉलीला लागू पडतो, किंबहुना अधिक कडकपणे. उचललेल्या रिकाम्या हौद्याचेही वजन माणसाला चिरडण्यास पुरेसे असते. हौदा वर करून खालचा जॅक, पिन किंवा नळी तपासावयाची असेल, तर हौदा व चौकट यांच्यामध्ये मजबूत लोखंडी टेकू लावल्याशिवाय डोकेसुद्धा आत घालू नये. ट्रॉली विकत घेतानाच असा टेकू तिला कायमचा बसवून घ्यावा. खर्च किरकोळ आहे. हौदा उचलण्यापूर्वी डोक्यावर विजेच्या तारा नाहीत ना, हेही पाहावे.

ट्रॅक्टर जॅकवर घेताना

जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. पस्तीस ते पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन साधारण पावणेदोन ते सव्वादोन टन भरते. मागील चाक उचलून झाले की एक्सलखाली भक्कम घोडा द्यावा व भार त्यावर घ्यावा. जॅकच्या माथ्यावर लोखंडावर लोखंड येऊ देऊ नये. मध्ये लाकडाची चकती ठेवल्यास जॅक घसरत नाही.

येथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधोमध एका पिनवर डोलता असतो, जेणेकरून ओबडधोबड जमिनीत चारही चाके टेकलेली राहावीत. मागची एक बाजू जॅकवर घेतली की ट्रॅक्टरचे सगळे धूड या पिनवर डुलू शकते आणि जॅक निसटतो. म्हणून मागचे चाक काढण्यापूर्वी पुढचा एक्सल व त्यावरील आधार यांच्यामधील फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकून घ्याव्यात. काम संपल्यावर त्या काढण्यास विसरू नये.

मागच्या चाकात पाणी भरलेले असेल, तर टायरच्या आकारानुसार ते दीडशे ते अडीचशे लिटर असू शकते. त्यात बिडाची वजने असली की एकट्या-दुकट्याने ते चाक सांभाळणे अशक्य असते. कलले की ते थांबविता येत नाही. असे चाक काढण्याचे काम साधने असलेल्या कारागिराकडे द्यावे.

पी.टी.ओ. : एका सेकंदात काय होते?

आपल्याकडील बहुतेक औजारांसाठी पी.टी.ओ. शाफ्टची प्रमाणित गती मिनिटाला ५४० फेरे आहे. म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. रोटाव्हेटरच्या किंवा ब्लोअरच्या प्रोपेलर शाफ्टची नळी सहा सेंटिमीटर व्यासाची धरली, तर तिचा घेर सुमारे १९ सेंटिमीटर होतो. नऊ फेऱ्यांत पावणेदोन मीटर कापड तिच्याभोवती गुंडाळले जाते. माणसाला धोका कळून हात मागे घेण्यास अर्धा ते पाऊण सेकंद लागतो; तेवढ्या वेळात मीटरभर कापड आत गेलेले असते आणि त्यापाठोपाठ हात किंवा गळा. ओढून सोडवू असे कोणाला वाटत असेल, तर ज्या शाफ्टने जमीन फोडली जाते त्याच्याशी ओढाताण करावयाची आहे, हे लक्षात घ्यावे.

शाफ्टवर प्लॅस्टिकचे संरक्षक आवरण आणि ट्रॅक्टरच्या मागे पी.टी.ओ.वर पत्र्याचे झाकण कंपनीकडून आलेले असते. क्रॉसला ग्रीस देण्यास अडचण होते म्हणून हे आवरण पहिल्याच हंगामात काढून टाकले जाते, आणि नंतर ते गोठ्याच्या मागे पडलेले सापडते. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांत ब्लोअर महिनोन्‌महिने चालतो. औषध मिसळणे, नोझल साफ करणे, नळी जोडणे ही सारी कामे शाफ्टपासून हातभर अंतरावर चालतात. त्यामुळे तेथे आवरण नसणे अतिशय धोक्याचे आहे. ग्रीस देताना इंजिन बंद करून आवरण मागे सरकवावे. आवरणाला छोटी साखळी असते ती औजाराला अडकवावी, म्हणजे आवरण शाफ्टबरोबर फिरत नाही. चालू नसताना आवरण हाताने सहज फिरवून पाहावे. ते घट्ट बसले असेल तर आतील बेअरिंग खराब झाले आहे असे समजून बदलावे. शाफ्टच्या पिनेऐवजी लांब बोल्ट किंवा खिळा घालण्याची पद्धत तर फारच वाईट, कारण बाहेर आलेले ते टोक आकड्यासारखे कापड पकडते.

रोटाव्हेटरमध्ये पाचट, वेल किंवा कापसाच्या पऱ्हाट्या गुंतल्यास ट्रॅक्टर चालू ठेवून, क्लच दाबून त्या काढू नयेत. क्लचवरील पाय घसरला की शाफ्ट फिरलाच. पी.टी.ओ.ची दांडी बंद करावी, इंजिन बंद करावे, शाफ्ट पूर्ण थांबल्याची खात्री करावी, मगच हात घालावा. फिरणाऱ्या शाफ्टवरून ओलांडून कधीही जाऊ नये. दहा पावलांचा वळसा पडला तरी चालेल.

मळणीयंत्रांत हात सापडून होणारे अपघात इतके वाढले होते की, केंद्र शासनास १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. कायदा झाला तरी आवरण जागेवर ठेवण्याचे काम अखेर शेतावरच करावे लागते.

सेल्फला पेचकस लावून ट्रॅक्टर सुरू करणे

बटण किंवा किल्लीचा स्विच खराब झाला की जमिनीवर, मागच्या चाकापुढे उभे राहून सेल्फच्या दोन टोकांना पेचकस टेकवून ट्रॅक्टर सुरू करण्याची सवय अनेक चालकांना असते. ठिणगी उडते, इंजिन सुरू होते आणि काम भागते. ही सवय आम्ही या लेखातील सर्वांत घातक बाब मानतो.

बहुतेक ट्रॅक्टरमध्ये गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय किंवा क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरू नये यासाठी एक सुरक्षा स्विच बसविलेला असतो. पेचकसाने थेट जोडणी केली की हा स्विच वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन सुरू होताच तो पुढे झेपावतो. सुरू करणारा नेमका मोठ्या चाकाच्या समोर उभा असतो आणि सीटवर ब्रेक लावण्यास कोणी नसते. डिझेल इंजिन सेल्फने एकदा धरले की पेचकस काढल्याने बंद पडत नाही. हायड्रोलिकने चालणाऱ्या आधुनिक गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये तर दोन-चार सेकंद दाब तयार होईपर्यंत ट्रॅक्टर हलत नाही, आणि सारे ठीक आहे असे वाटत असतानाच चालू लागतो.

स्विच, वायर किंवा सॉलेनॉइड बदलण्यास लागणारा खर्च हा एका दिवसाच्या नांगरणीच्या भाड्यापेक्षा सहसा अधिक नसतो. बॅटरी कमजोर असल्यामुळे ट्रॅक्टर ढकलून किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सुरू करावा लागतो, तेव्हाही दोन्ही चालकांनी आधी इशारे ठरवून घ्यावेत आणि ओढण्याच्या साखळीजवळ कोणी उभे राहू नये.

तेल, पाणी व हवा

आता रोजच्या देखभालीकडे वळू. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी गज काढून ऑइलची पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असावी. खुणेच्या वर भरलेले ऑइलही अपायकारकच असते. ऑइल व त्याचा फिल्टर साधारणपणे दर २५० तासांनी बदलतात. परंतु नवीन ट्रॅक्टरचा पहिला बदल लवकर असतो, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेतील तास पाळावेत. ऑइल गरम असताना चांगले निघते हे खरे, मात्र इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. चेंबरचा नट सुटताच उकळते ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येते. जुने ऑइल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये.

एअर क्लिनरकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. उन्हाळी नांगरटीत व रोटाव्हेटरच्या कामात धूळ एवढी असते की, ऑइलबाथ प्रकारच्या एअर क्लिनरची वाटी रोज उघडून पाहावी लागते. तळाशी चिखल साचला असल्यास ऑइल टाकून, वाटी धुऊन खुणेपर्यंतच नवे ऑइल भरावे. खुणेच्या वर भरल्यास इंजिन ते ऑइल ओढून घेते व त्यावरच चालू लागते. अशा वेळी थ्रॉटल कमी केली, डिझेल बंद केले तरी इंजिन थांबत नाही, उलट वेग घेते. तसे झाल्यास हवेच्या तोंडावर सपाट फळी किंवा जाड ओले पोते दाबून हवा बंद करावी. हाताचा पंजा मुळीच लावू नये. कागदी फिल्टर असल्यास तो हलक्या हाताने झटकावा आणि आतून बाहेरच्या दिशेने कमी दाबाची हवा मारावी. तो डिझेलमध्ये धुऊ नये. भोक पडलेला फिल्टर लगेच बदलावा.

रेडिएटरचे झाकण बसलेले असताना आतील पाणी दाबाखाली असते व ते शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर उडते. डोळे व चेहरा भाजण्याचे हे नेहमीचे कारण आहे. इंजिन तापले असेल तर ते बंद करून सावलीत उभे करावे. वरची रबरी नळी हाताला सोसवेल इतकी निवल्यावर जाड फडके झाकणावर टाकून ते पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, वाफ निघून जाऊ द्यावी आणि मग पूर्ण काढावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतल्यास हेडला तडा जातो. वारंवार इंजिन तापत असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीतील भुसा, पाकळ्या व कुसळे इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारून काढावीत. पंख्याचा पट्टा अंगठ्याने मध्यभागी दाबला असता साधारण अर्धा इंच दबावा. तो तपासताना इंजिन बंद असावे हे सांगावयास नको, तरीही सांगतो.

बारीक धार, मोठी इजा

डिझेल संपून हवा शिरली की ट्रॅक्टर सुरू होत नाही. फिल्टरवरील स्क्रू ढिला करून हातपंप मारावा, बुडबुडे संपून अखंड डिझेल येईपर्यंत थांबावे व स्क्रू घट्ट करावा. नंतर पंपावरील स्क्रूसाठी हेच करावे. इथपर्यंत दाब अगदी कमी असतो. मात्र पंपापासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक जाड भिंतीच्या नळ्यांत दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोच्या आसपास जातो. मागच्या टायरमध्ये हाच दाब जेमतेम एक किलो असतो, यावरून कल्पना यावी. इंजेक्टर बाहेर काढून फवारा तळहातावर घेऊन तपासणारे कारागीर अजूनही दिसतात. हा फवारा कातडी भेदून डिझेल बोटात भरतो. हायड्रोलिकच्या नळीला सुईएवढे छिद्र पडले तर तिची धारही तसेच करते.

या जखमेचे वैशिष्ट्य असे की, सुरुवातीला ती काहीच वाटत नाही. काटा टोचल्यासारखा लाल ठिपका दिसतो, वेदनाही थोड्या असतात आणि माणूस काम सुरू ठेवतो. आत मात्र तेल स्नायूंच्या आवरणातून पसरते, काही तासांत बोट सुजते, रक्तपुरवठा तुटतो आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात कापावा लागतो. त्यामुळे असा ठिपका दिसताच हळद, मलम किंवा शेक असे उपाय करीत न बसता, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात ताबडतोब जावे व "दाबाखालचे तेल कातडीत शिरले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. नुसती मलमपट्टी करून परत येऊ नये. गळती शोधताना नळीवरून बोट फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा हातभर काठीला लावून फिरवावा, त्यावर ओला डाग उमटतो. नळी सोडण्यापूर्वी इंजिन बंद करून औजार खाली टेकवावे आणि लिफ्टची दांडी दोन-तीन वेळा वरखाली करून उरलेला दाब घालवावा.

पन्नास अश्वशक्तीच्या वरील नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक निकष लागू झाले. त्यामुळे अशा ट्रॅक्टरमध्ये आता कॉमन रेल पद्धत आढळते. तिच्यातील दाब एक हजार किलोच्याही पुढे जातो. जुन्या ट्रॅक्टरवर इंजेक्टरच्या नळीचा नट ढिला करून हवा काढण्याची जी युक्ती आपण करतो, ती येथे मुळीच करू नये.

बॅटरी, वेल्डिंग व टायर

बॅटरी चार्ज होत असताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने स्फोट पावतो. त्यामुळे जवळ बिडी-काडी नको, आणि पाणी किती आहे हे काडी ओढून पाहणे तर नकोच. वायर सोडताना आधी बॉडीला जोडलेली म्हणजे बहुधा ऋण टोकाची वायर सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. असे केल्याने पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. प्लेटांच्या वर एक ते दीड सेंटिमीटर राहील इतकेच शुद्ध पाणी भरावे. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावे. डोळ्यात गेले असेल तर धुवून लगेच दवाखाना गाठावा.

ट्रॅक्टरला जोडलेल्या औजारावर वेल्डिंग करावयाचे असल्यास बॅटरी व अल्टरनेटरच्या वायरी सोडून ठेवाव्यात. डिझेलची रिकामी टाकी किंवा पिंप वेल्ड करण्याचा मोह अजिबात करू नये. भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप धोकादायक, कारण त्यात वाफ व हवा यांचे मिश्रण असते. चालकाच्या मागे उलटण्यापासून रक्षण करणारी लोखंडी चौकट असेल, तर तिला भोक पाडू नये व वेल्डिंग करू नये. वाकलेली चौकट सरळ करून वापरू नये, ती बदलावी. स्वीडनमध्ये नव्या ट्रॅक्टरना अशी चौकट १९५९ पासून सक्तीची झाली आणि उलटून होणारे मृत्यू त्यानंतर खूपच घटले. आपल्याकडे मात्र ऊन लागते म्हणून तीच चौकट कापून छत बसविलेले ट्रॅक्टर आम्ही पाहिले आहेत.

टायर रिमवर बसवताना कडा नीट बसत नाही म्हणून हवा भरतच राहणे हे स्फोटाला आमंत्रण आहे. ३५ पौंडांपर्यंत कडा बसली नाही तर हवा पूर्ण सोडून, कडेला साबणाचे पाणी लावून पुन्हा प्रयत्न करावा. हवा भरताना टायरच्या समोर नव्हे, तर बाजूला उभे राहावे.

ब्रेक

शेतात वळण्यासाठी डावा व उजवा ब्रेक स्वतंत्र वापरतात, त्यामुळे एक बाजू अधिक झिजते. रस्त्यावर निघताना दोन्ही पेडल खिटीने जोडणे आवश्यक आहे. न जोडल्यास वेगात एकच ब्रेक लागतो व ट्रॅक्टर जागीच गरकन फिरून उलटतो. दोन्ही पेडलची सैल हालचाल सारखी आहे का हे दर आठवड्याला पाहावे. नंतर मोकळ्या सपाट जागेत, ट्रॉली न जोडता, कमी वेगात ब्रेक दाबून दोन्ही चाकांच्या खुणा सारख्या उठतात का हे तपासावे. फरक असल्यास पुस्तिकेप्रमाणे नट फिरवून तो दूर करता येतो. तरीही फरक राहिला तर आतील अस्तर संपले आहे किंवा त्यावर ऑइल आले आहे असे समजून ट्रॅक्टर वर्कशॉपमध्ये न्यावा, आणि तोपर्यंत भरलेली ट्रॉली जोडू नये.

क्लच बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत वेगळा करणे, डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन, हायड्रोलिक पंप उघडणे ही कामे झाडाखाली करण्याची नाहीत. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र शासनाची कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. तेथे शेतकरी व चालक यांच्यासाठी देखभालीचे अभ्यासक्रम चालतात. घरातील एखाद्या तरुणास तेथे पाठविल्यास पुढील दहा वर्षांचे काम होते.

अवर मीटर बंद पडला असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा, कारण वरील सर्व तास त्यावरच मोजावयाचे आहेत. शेडमध्ये भिंतीला एक वही दोरीने बांधून ठेवावी व तीत ऑइल, फिल्टर, ग्रीस आणि पाती बदलल्याचे तास लिहावेत. त्याच खुंटीला पुठ्ठ्याचा तुकडा, लाकडी पाचरी आणि पी.टी.ओ.चे झाकण अडकवलेले असावे. झाकण मात्र तेथे न राहता ट्रॅक्टरवर असेल तर अधिक चांगले.